आंधळ्यांचा मनोरा

"माणसं उलटी चालतायत," मूनिस म्हणाला.

"बरोबर. अजून काय दिसतंय?"

"गाढव. तेही उलटं. पाठीवर टोपल्या आहेत, पण त्यांतलं काही सांडत नाहीये." त्याने बसायची चटई मुठीत आवळली. "हकीमसाहेब, खरं सांगा. मी मेलोय का?"

"मेलेल्याला इतका घाम सुटत नाही," हकीम खलफ म्हणाला आणि खो खो हसला.

दवाखान्याच्या मागच्या अंगाची खोली होती. खिडकीला जाड फळी ठोकलेली, फळीला मुगाच्या दाण्याएवढं एक भोक. बाहेरच्या रस्त्यावरचं ऊन त्या भोकातून आत शिरायचं आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर आख्खा रस्ता उलटा टांगला जायचा. मोतीबिंदू काढायला सुई टोचलेल्या डोळ्यांना एकदम ऊन सोसत नाही, म्हणून हकीम आपल्या रोग्यांना आधी इथे बसवायचा. आजाऱ्याला पहिल्या दिवशी पातळ पेज देतात, तसं.

पण मूनिसच्या अंगावर काटा आला होता. माणसं समोरच्या भिंतीवर होती आणि त्यांचे आवाज मात्र पाठीमागून, फळीच्या बाजूने येत होते. बडीशेपेचं पाणी विकणारा मागे ओरडत होता. पुढे एक सावली छताला पाय लावून तोंड उघडत-मिटत होती. तोंड एकीकडे, आवाज दुसरीकडे.

"घाबरू नका, शेख," हकीम म्हणाला. "जुने लोक म्हणायचे, डोळ्यातून किरण बाहेर पडतो आणि वस्तूला जाऊन शिवतो. खोटं आहे ते. आपल्याच कैरोत एक विद्वान असाच अंधारात बसला आणि त्याने दाखवून दिलं. डोळा काही सोडत नाही, डोळा घेतो. वस्तूवरून उजेड निघतो, सरळ रेषेत येतो. या बारीक भोकात वरचा खाली जातो, खालचा वर. एवढंच."

"म्हणजे जे नाहीच, त्याच्यावरून उजेड निघणार नाही."

"कुठून निघेल?"

"आणि आवाज?"

"तोही तसाच. काहीतरी हलतं, हवेला धक्का बसतो. तळ्यात खडा टाकल्यावर लाट येते ना, तशी हवेची लाट कानापर्यंत येते."

"म्हणजे जे नाही, ते ऐकूही येणार नाही."

हकीमने हातातली सुरमादाणी खाली ठेवली. "असं का विचारताय?"

"सहज," मूनिस म्हणाला.

मूनिस म्हणजे काही मोठा माणूस नव्हे. नाईलवरच्या एका नावाड्याचा मुलगा. विशीच्या आतच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. होडी गेली. पण आवाज होता, आणि या शहरात आवाज असलेल्या आंधळ्यासाठी एक जागा राखलेली असते. मनोरा. वरून सगळ्या वस्तीच्या गच्च्या, अंगणं तळहातासारखी दिसतात. तिथे बायका केस धुतात, पोरांना पाजतात, उन्हाळ्यात निजतात. डोळस माणूस दिवसातून पाच वेळा वर चढवायचा म्हणजे कुणाच्या घराला दारच उरायचं नाही. म्हणून मशीद बांधणाऱ्याने लिहूनच ठेवलं होतं, बांग देणारा आंधळा हवा. रोजच्या भाकऱ्या आणि मशिदीला चिकटून एक खोली, असा त्याचा हक्क. लोक ज्याला मूनिसचं नशीब फुटलं म्हणत, त्यावरच त्याचं घर उभं होतं.

मग हा मोतीबिंदू काढायचं डोक्यात आलं कुणाच्या?

शेख रिदवानच्या. रिदवान मशिदीत वेळ बघायचा. भाकरीचा चतकोर असावा तसं एक पितळी यंत्र त्याच्याकडे होतं. ते सूर्याकडे धरून तो नमाजाची वेळ ठरवायचा आणि मनोऱ्यावरून खाली सोडलेल्या दोरीला हिसका द्यायचा. दोरीचं दुसरं टोक वर मूनिसच्या मनगटाला. हिसका बसला की बांग. या दोरीवर त्यांची जन्माची दोस्ती झाली होती. एकदा रिदवान आपल्या ओळखीच्या हकीम खलफला मशिदीत घेऊन आला. हकीमने मूनिसच्या पापण्या वर करून बघितल्या आणि म्हणाला, "अरे, हे तर पिकलंय! पोकळ सुईने ओढून काढता येईल." ही पोकळ सुईसुद्धा कैरोतच एका जुन्या हकीमाने काढलेली. रिदवानने आनंदाने मूनिसला मिठी मारली. दोघांना सूर्याची वाट ठाऊक, डोळ्याचे पडदे ठाऊक, पण मनोऱ्याचं काय, हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी रिदवानच्या लक्षात आलं तेव्हा तो कपाळाला हात लावून बसला. "मी गाढव आहे रे. तू नाही म्हण."

मूनिसला ते आधीच सुचलं होतं. तरी तो हो म्हणाला.

कारण वर्दा.

वर्दा त्याची एकुलती एक मुलगी. इथेच जन्मली, इथेच वाढली. मशिदीच्या पश्चिमेला तांबटांच्या गल्लीत दिली होती. मोठ्या मरीच्या साली तिचं आख्खं घर एका जुम्म्यापासून दुसऱ्या जुम्म्याच्या आत संपलं. मूनिसने तिला कडेवर घेतलं होतं, तिचा ताप हाताने बघितला होता, तिच्या कबरीवर माती लोटली होती. तोंड कधीच बघितलं नव्हतं. वस्तीतले सगळे म्हणायचे, "पोरगी हुबेहूब आईवर गेलीय." मूनिसने विचार केला, आई तर आहे. आईचं तोंड बघितलं की झालं.

हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. मशिदीच्या कारभाऱ्याला सांगितलं, ताप आलाय. दुसऱ्या मशिदीतला एक आंधळा काही दिवस उसना आणला गेला.

घरी आला तेव्हा त्याची बायको शुहदा दारात उभी होती. चेहऱ्यावरून ओढणी.

"घरात कसली ओढणी?" मूनिस म्हणाला.

"आधी पाणी प्या."

"प्यालो. काढ आता."

"म्हातारी झालेय हं. आधीच सांगून ठेवते. नंतर म्हणाल, फसवलं."

तिने ओढणी काढली आणि मूनिसच्या घरात एक परकी बाई उभी राहिली. गाल बसलेले, भुवया जुळलेल्या, हनुवटीवर गोंदण. बोलली की शुहदा. गप्प झाली की कुणीतरी भलतीच, चुकून आपल्या घरात शिरलेली. जेवताना मूनिसने दोनदा डोळे मिटून तिच्याशी बोलून घेतलं, खात्रीसाठी. मुलुखियाची भाजी थंड होऊन गेली. तो मनातल्या मनात त्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या काढत होता, गाल भरत होता, केस काळे करत होता. भिंतीवरचा चुना खरवडून खालचं जुनं चित्र शोधावं, तसं. एकदा ती भाकरी घ्यायला वळली, खिडकीचं ऊन तिच्या गालावर पडलं आणि क्षणभर तिथे एक तरुण पोरगी बसलेली होती. मूनिस ताडकन उभा राहिला.

"काय झालं?"

"काही नाही."

शुहदा भाकरी मोडत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "सापडली का?"

"कोण?"

"मला काय कळत नाही, वर्दाचे अब्बा? मला बघायला तुम्ही डोळ्यात सुई घालून घेतली असती होय? इतकी वर्षं नाही अडलं ते."

मूनिस परत खाली बसला.

"आणि ती माझ्यावर गेलीच नव्हती," ती म्हणाली. "लोक उगाच म्हणायचे. तुमच्यावर गेली होती. नाक, कपाळ, सगळं. पण तुम्हाला ते सांगून काय करायचं? तुमचं तोंड तरी तुम्हाला कुठे दिसत होतं."

मूनिस उठला आणि पाण्याच्या रांजणावर वाकला. आपलं तोंड त्याने शेवटचं बघितलं होतं तेव्हा मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. आता पाण्यात एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता. मूनिस त्याच्या कपाळात, नाकात बराच वेळ शोधत राहिला. म्हाताराही खालून तसाच काहीतरी शोधत वर बघत होता. पाणी हललं तेव्हा त्याचं तोंड हललं, आणि मूनिसचं हललं नव्हतं. तो मागे सरला.

"झाकण ठेव त्याच्यावर," तो म्हणाला.

शुहदाने झाकण ठेवलं. मग पदराला हात पुसून कामाचं बोलली. "हे बघा. उद्यापासून भिंत धरून चालायचं. पायरी दिसली तरी पायाने चाचपायची. वर गेलात की डोळे मिटून घ्यायचे. अल्लाला कळेल ते कळेल, कारभाऱ्याला कळायची काही गरज नाही. ही खोली गेली तर जायचं कुठे आपण?"

"बरं," मूनिस म्हणाला.

आणि त्याने तसंच केलं. पहाटे फजरच्या बांगेला अंधारच होता. दुपारच्या बांगेला त्याने डोळे इतके आवळले की कपाळ दुखलं. तिसऱ्या प्रहरी, असरला, तो वर चढला आणि सज्ज्यात उभा राहिला. मनगटाला हिसका बसला. त्याने कानांवर हात नेले आणि बांग सुरू केली. एकेक ओळ, एकेक दिशा.

पश्चिमेला वळला आणि रोजच्यासारखा तो आवाज आला. रहाटाचा.

मरीनंतरच्या वसंतापासून तो ऐकत होता. असरची बांग सुरू झाली की वर्दाच्या अंगणातला रहाट कुरकुरायचा. बादली खाली जायची, बुडायची, दोर ताणायचा, कुणीतरी पाणी ओतायचं. मूनिसने समजूत करून घेतली होती, कुणी भाडेकरू आले असतील. एखादी तरुण बाई असेल, दुपारची भांडी काढत असेल. शुहदाला तो बोलला नव्हता. तिची जखम कशाला उघडी करा? पण स्वतः मात्र असरच्या बांगेची वाट बघायचा. पोरीच्या विहिरीचं पाणी कुणीतरी काढतंय, एवढंच बरं वाटायचं.

आज तर बघता आलं असतं. कोण आहे ते. एकदाच.

त्याने डोळे उघडले आणि नजर पहिल्यांदा चुकीच्या गच्चीवर पडली. खाली जवळच एक तरुण बाई ओले केस मोकळे सोडून विंचरत बसली होती. ती सरळ त्याच्याकडे बघत होती. केस झाकले नाहीत, मान वळवली नाही. उलट फणी हलवून ओरडली, "चाचा, आवाज बसलाय हो तुमचा! ताप उतरला का?"

मूनिसने डोळे मिटले. कान तापले होते. "उतरला, बेटी."

"मध-काळं जिरं घ्या! सासूला सांगते पाठवायला!"

तो बांगेची पुढची ओळ म्हणत मनोऱ्याच्या भिंतीला पाठ घासत सरकला. रहाट चालूच होता. कुर्र, कुर्र. आता त्याने नजर नीट नेमली, तांबटांच्या गल्लीचं टोक, दोन कबुतरखान्यांच्या मधलं घर, आणि उघडली.

छप्पर आत बसलेलं होतं. जिन्यातून अंजिराचं झाड वर आलं होतं. दाराला सरकारी मोहोरेचा लाल गोळा. वारसच उरला नव्हता कुणी. अंगणाच्या मध्ये विहीर होती, ती काठापर्यंत दगडांनी बुजवलेली, दगडांवर वाळलेले काटे. खांब नव्हते. चाक नव्हतं. दोर नव्हता. ऊन होतं नुसतं, पांढरं, आणि त्या उन्हात काहीही हलत नव्हतं.

आवाज थांबला होता.

मूनिसने डोळे मिटले. कुर्र. बादली टेकल्याचा ठोका. पाणी ओतल्याचा आवाज, फरशीवरून वाहत गेल्याचा.

उघडले. दगड, काटे, ऊन.

मिटले. दोर ताणला जात होता.

मनगटाला जोरात हिसका बसला. मग दुसरा. बांग अर्ध्यातच तुटली होती आणि खाली रिदवान दोरी ओढत होता. मूनिसने उरलेल्या ओळी कशाबशा म्हटल्या आणि भिंत धरून उतरला. आज ती खरोखरच धरावी लागली.

"अरे झोपलास काय वर?" रिदवान खालीच उभा होता. "अर्धा बाजार उठून उभा राहिला, अर्धा बसूनच! मिठाईवाला मला विचारतो, शेख, सूर्य अडकला का मध्येच?"

मूनिसने त्याला हौदापाशी बसवून सगळं सांगितलं. रिदवानने आधी त्याचे डोळे बघितले, मग कपाळ.

"ताप नाही," मूनिस म्हणाला.

"मग सोपं आहे. दुसऱ्या कुठल्यातरी अंगणातला रहाट असेल. आवाज भिंतीवर आपटून फिरून येतो, मनोऱ्यावर तर जास्तच. उद्या मी येतो वर. बसल्या जागी सांगतो कुठल्या घरातला आहे."

"तुझ्या डोळ्यांचं काय?"

"डोक्यावरून शाल घेईन. मला ऐकायचंय, बघायचं नाही."

दुसऱ्या दिवशी असरला रिदवानने वेळ अंगणातच बघून घेतली आणि शाल तोंडावर ओढून मूनिसचा हात धरून वर आला. जिन्यात धापा टाकत म्हणाला, "हे रोज पाच वेळा करतोस? तुला स्वर्गात वरचा मजला मिळू नये अशी दुवा करतो." मूनिसने बांग सुरू केली. पश्चिमेला वळला. आवाज आला. एक ओळ संपवून, दुसरीच्या आधी श्वास घेताना त्याने रिदवानला कोपर मारलं.

रिदवान शालीच्या आत मान इकडून तिकडे फिरवत होता. मग मान फिरायची थांबली.

बांग संपली. "बोल," मूनिस म्हणाला. "कुठून येतोय?"

"काही येत नाही."

"नीट ऐकलंस?"

"काही येत नाही म्हटलं ना. चल खाली."

पण उतरताना त्याने मूनिसची बाही धरली ती शेवटच्या पायरीपर्यंत सोडली नाही. खाली आल्यावर शाल झटकली, यंत्र उचललं, आणि सरळ आपल्या खोलीत गेला. त्यानंतर दुसऱ्या दिवशी असरची दोरी उशिरा हलली. रिदवानच्या आयुष्यात वेळ चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मूनिसने काही विचारलं नाही.

घरी तो शुहदाला म्हणाला, "मी कारभाऱ्याला सांगणार आहे."

तिने कांद्यावरचा हात थांबवला. "काय सांगणार?"

"मला दिसतं म्हणून."

"वेड लागलंय. कुणी विचारलंय तुम्हाला? कुणाला कळलंय? मिटा की डोळे! बाकीचे डोळस लोक पण मिटतातच ना, गरज पडली की!"

"ती पोरगी केस मोकळे सोडून माझ्याकडे सरळ बघत होती, शुहदा. मला औषध सांगत होती. माझ्या भरवशावर बसली होती ती तिथे. सगळी वस्ती बसलीय."

"एकदाच झालं ना ते?"

"एकदा झालं. उद्या परत होईल. आता मिटायचे की उघडायचे हे माझ्या हातात आहे, तेच वाईट आहे."

शुहदा कांदा चिरू लागली, जोरात. "आणि खोली? भाकऱ्या? माझ्या आजारपणात कोण बघणार? तुमची ती पोरगी, केस विंचरणारी?"

मग मूनिसने ते दुसरं सांगितलं. रहाटाचं. वर्षानुवर्षं ऐकत होता तेही सांगितलं. त्याला वाटलं, ती रडेल, नाहीतर ओरडेल.

"ते घर मोहोरबंद आहे," ती म्हणाली.

"बघितलं मी."

"विहीर बुजवली तेव्हा मी होते तिथे. नगरपालाची माणसं होती."

"हो."

सुरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. "किती वेळ काढते पाणी?"

"बांग संपेपर्यंत."

"रहाट कुरकुरतो?"

"फार."

शुहदाने डोळे पुसले. कांद्याचंच पाणी असेल. "तेल घाल म्हणून मी डोकं फोडायचे तिच्यापुढे. ऐकली नाही कधी." मग बराच वेळ ती चिरलेला कांदा उगाचच एकत्र करत राहिली. "तुम्ही डोळे उघडले की थांबतो म्हणता?"

"लगेच."

"मग उघडू नका."

"माझ्याच्याने होणार नाही. वर गेलो की मी बघणार. रोज बघणार. आणि ती रोज मधेच थांबणार."

शुहदा उठली, ताटली बाजूला सारली. "जा मग," ती म्हणाली. "कारभारी झोपायच्या आत जा. झोपेतून उठवलं की खवळतो."

कारभारी भला माणूस होता. आधी त्याला वाटलं, मूनिस थट्टा करतोय. मग त्याने मूनिससमोर डाळिंब धरलं आणि विचारलं, हे काय. मूनिसने सांगितलं. डाळिंबावरचा डागही सांगितला.

"तुझ्यासारखा आवाज कैरोत नाही," कारभारी म्हणाला. "पट्टी बांधून चढत जा. मी पट्टी मान्य करतो."

"पट्टी कोण बांधणार?"

"तूच."

"मग सोडणाराही मीच की, साहेब."

कारभाऱ्याने डाळिंब हातात फिरवलं. "तुला ठाऊक आहे ना, खोली नव्या माणसाला द्यावी लागेल? तसा नियमच आहे."

"ठाऊक आहे."

"दिव्यांच्या काचा पुसायला माणूस हवाय मला. हौदामागे पडवी आहे. गळते."

"चालेल," मूनिस म्हणाला.

नवा माणूस मबरूक नावाचा होता. देवीत डोळे पार गेलेला, पंचविशीतला, तोंडाळ. त्याच्या डोळ्यांवर हकीम खलफकडेही इलाज नव्हता. पहिल्या दिवशी त्याला वर नेऊन सगळं दाखवायचं काम मूनिसचंच होतं. मूनिसने शुहदाची जुनी ओढणी घेतली, तिची चौपदरी घडी केली आणि शुहदालाच डोळ्यांवर करकचून बांधायला लावली. गाठ मागे तिने अशी मारली की त्याच्या हाताला सुटू नये.

"वा," मबरूक जिन्यात म्हणाला. "आंधळा पुढे, पट्टीवाला मागे. चाचा, ही वरात बघायला कुणीतरी डोळस हवं होतं."

"गप चढ. इथे पायरी तुटलीय."

"कळली, पायाच्या अंगठ्याला कळली."

वर वारा होता. मूनिसने त्याचा हात धरून कठड्यावरून फिरवला. कुठे उभं राहायचं, वारा असला तर तोंड कुठे फिरवायचं, सूर कुठे सोडून द्यायचा म्हणजे तो गल्लीच्या टोकापर्यंत आपला आपण जातो. दोरी त्याच्या मनगटाला बांधली. "हा रिदवानचा हिसका. घाई करू नको. तो चुकत नाही." मग गाठ पुन्हा आवळत म्हणाला, "आणि चुकला तर विचारू नको."

हिसका बसला. मबरूकने घसा खाकरला, कानांवर हात नेले. आवाज कोवळा होता, पण सरळ जायचा. मूनिस मनोऱ्याच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. कुठलीही ओळ नाही, हात मोकळे. मबरूक वळत वळत पश्चिमेला आला, ओळ संपवली आणि श्वास घ्यायला थांबला.

"चाचा," तो हळूच म्हणाला. "या बाजूला पाणी कोण काढतंय?"

मूनिसने कठडा धरला. "तुला ऐकू येतं?"

"आंधळा आहे मी, बहिरा नाही. केवढा कुरकुरतोय रहाट. इतक्या उन्हात कोण?"

"आमची वर्दा," मूनिस म्हणाला.

"बरं."

"तिकडे वळलास की रेंगाळ जरा. आणि मध्ये तोडू नको. बांगेपुरताच वेळ असतो तिला."

"नाही तोडत," मबरूक म्हणाला, आणि पुढची ओळ त्याने लांबवली.

मूनिस ती संपायची वाट न बघता उतरला. शुहदा खाली हौदापाशी काजळलेल्या काचांची टोपली घेऊन उभी होती. तिने गाठ सोडायला हात वर केले, पण गाठ तिचीच, तिलाच सुटेना. शेवटी दात लावले. ओढणी निघाली तसं मूनिसने ऊन सहन करत तिच्याकडे बघितलं आणि ती काही बोलली नाही, तरी या खेपेला कुणी परकी वाटली नाही. त्याने टोपलीतली एक काच उचलली.

वर मबरूक म्हणतच होता. गल्लीतला मिठाईवाला उभा राहिला होता. गाढवं थांबली होती. बांग ऐकणारे लोक ओळीमागून ओळ ओठांतल्या ओठांत म्हणतात, इतक्या वर्षांत मूनिसवर ती पाळी कधी आलीच नव्हती. त्याच्या घशात पुढची ओळ आपसूक चढून आली, भरून, मनोऱ्याएवढी. त्याने ती गिळली. मबरूकची व्हायची वाट बघितली. ती झाली, तेव्हा हातात काळी काच धरून, बाकीच्यांच्या किंचित मागून, त्याने ती हळू आवाजात म्हटली.